गार्साला पान्हा फुटतो

पाटीवरून भांडण होणार हे इदालिनाला ठाऊक होतं. म्हणून तिनं ती पोत्यात गुंडाळून, गाडीत स्वतःच्या पायाखाली ठेवून आणली. गार्साला मैदानाच्या कडेच्या दावणीला बांधलं, खरारा केला, शेपटीचा गोंडा धुऊन विंचरला, आणि मगच पाटी बाहेर काढून गाईच्या डोक्यावरच्या खिळ्याला लावली.

झुल्मिराची नजर घारीची. तिनं पाच गाई पलीकडून ती वाचली.

"सेराफिम!" तिनं हाक मारली ती भावाला. भावजयीकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. "ही पाटी कोणी रंगवली?"

सेराफिम गाईच्या खुरांना तेल चोळत होता. "कुठली पाटी?" त्यानं वर न बघता विचारलं. तीच पाटी त्यानं परवा संध्याकाळी रंधा मारून बायकोला गुळगुळीत करून दिली होती.

"कुठली म्हणे! डोळे आहेत ना? वाच."

पाटीवर निळ्या रंगात तीन ओळी होत्या. गाय, गार्सा. वेत, दुसरं. वाढवणारी, इदालिना तोश्त.

"बावीस वर्षं आरुदांच्या घरात जेवतेय," झुल्मिरा म्हणाली, "आणि पाटीवर तोश्त?"

"माझंच नाव आहे ते वन्सं, माहेरचं," इदालिना म्हणाली. "चोरून आणलेलं नाही."

"गाय माझ्या बाबांच्या गाईच्या पोटची आहे."

"आहे ना. बाबांच्या गाईच्या पोटची होती तेव्हाच तुम्ही सगळे तिला खाटकाच्या गाडीत चढवायला निघाला होता. त्या दिवशी कोणाला आठवलं नाही आरुदा?"

हे खरं होतं. गार्सा जुळ्यातली. बरोबरचा भाऊ गोऱ्हा. गोऱ्ह्याबरोबर पोटात वाढलेली कालवड बहुतेक वांझ निघते, हे साव मिगेल बेटावरच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. सासूबाईंनी तिसऱ्याच दिवशी निकाल दिला होता, चारा फुकट घालू नका. इदालिनानं ऐकलं नाही. दहातली एखादी गाभण राहते म्हणतात, ती हीच असेल कशावरून नाही, असं म्हणत तिनं बाटलीनं दूध पाजलं, हगवण लागली तेव्हा स्वतःच्या शालीत गुंडाळलं, आणि दोन वर्षं घरच्यांचे टोमणे खाल्ले. मग गार्सा व्याली. मग परत व्याली. आता ती बगळ्यासारखी पांढरी, पाठीवर एकच काळा डाग असलेली, मागून बघितलं तर नुसती कासच दिसावी अशी गाय झाली होती.

आणि आज परगण्याच्या जत्रेतला 'घरच्या हातची गाय' हा गट होता. मोठे गोठेवाले इतर गटांत वीसवीस गाई उतरवायचे. पण लोक बघायला जमायचे ते याच गटाला. इथं पाटीवर गोठ्याचं नाव चालत नसे, ज्याच्या हाताखाली गाय वाढली त्या माणसाचं नाव लागायचं. या गटात कासेचा मान ज्या गाईला मिळेल, तिच्या वासरांच्या नावापुढं ते नाव बेटाच्या गुरांच्या वहीत कायमचं चढायचं. गार्साची तीन महिन्यांची कालवड घरी गव्हाणीशी बांधलेली होती. तिच्या नावापुढं काय लागणार, एवढाच प्रश्न इदालिनाच्या मनात गेला महिनाभर होता. बाकी पट्टा, पेला, फोटो, ते सगळं सेराफिमनं ठेवलं तरी तिची हरकत नव्हती.

"आई!" झुल्मिरानं आवाज चढवला. "आई, तू तरी बोल काहीतरी."

देओलिंदाबाई घडीची खुर्ची काखेत, काळी छत्री हातात, भिजवलेल्या पिवळ्या दाण्यांचा पुडा खिशात, अशा सावकाश येत होत्या. नवरा जाऊन पाच वर्षं झाली, तरी अंगावरचं दुखवट्याचं काळं उतरलं नव्हतं आणि जिभेची धारही. त्या पाटीसमोर थांबल्या. वाचायला त्यांना वेळ लागे, अक्षर अक्षर जोडून वाचायच्या. इदालिनानं श्वास धरला.

"रंग ओघळलाय," सासूबाई म्हणाल्या.

"आई, नाव बघ ना! नाव!"

"बघितलं. तेर्सेइरावालीनं रंगवलंय, ओघळणारच. तिकडच्या बायकांना घाई फार." आणि दाणा सोलून तोंडात टाकत त्या बँडच्या मांडवाकडे चालत्या झाल्या. "मला ऊन लागतंय."

इदालिनाला कळेना, हा मार बसला की चुकला. बावीस वर्षांत सासूबाईंनी तिला एकदाही नावानं हाक मारली नव्हती. 'तेर्सेइरावाली', नाहीतर रागावल्या की 'वाकडशेपटी'. शेजारच्या बेटावरच्या लोकांना इकडचे हेच म्हणतात, सगळ्यांनाच म्हणतात, हसून म्हणतात; पण सासूबाई हसत नसत.

"तू कोणाच्या बाजूनं आहेस?" झुल्मिरानं भावाला विचारलं.

"मी खुरांच्या बाजूनं," सेराफिम म्हणाला आणि पलीकडच्या पायाकडे वळला.

"तुमच्या दुकेझाला तुमचं नाव तरी ठाऊक आहे का वन्सं?" इदालिनानं हळूच सोडलं. "नाही म्हणजे, सहा गडी आहेत तुमच्याकडे. तिला वाटत असेल तुम्ही दूधसंघातून तपासायला येता."

झुल्मिराची दुकेझा खरंच रुबाबदार होती. काळीभोर, पाठ पट्टी ठेवून आखल्यासारखी सरळ. झुल्मिराच्या नवऱ्याचा गोठा मोठा, पण ही एक गाय आपल्या हातची आहे असं ती दोन वर्षं सांगत होती. त्यावर कोणी काही बोलत नसे, कारण तिच्या नवऱ्याकडूनच निम्मा गाव वैरण घ्यायचा.

"थांब तू," झुल्मिरा म्हणाली आणि तरातरा नोंदणीच्या टेबलाकडे गेली.

पाच मिनिटांत टेबलावरचा फाउश्तिनो, परगण्याच्या कचेरीतला कारकून, कागद फडकावत आला. घामानं त्याचा चष्मा नाकावरून घसरत होता.

"इदालिना, रागावू नकोस. तक्रार आलीये म्हणून विचारतो. गाय तुझ्याच हातची ना?"

"मग कोणाच्या?"

"मग इथं सही कर. 'या गाईच्या कासेला माझ्याखेरीज दुसरा हात लागलेला नाही.' उगीच नंतर डोक्याला ताप नको."

"आण इकडे," ती म्हणाली, आणि गार्साच्या पाठीवरच कागद ठेवून तिनं झोकात सही केली. ती करताना तिला जराही भीती वाटली नाही. बाकीच्या अठरा गाईंना यंत्र लावायचं काम सेराफिमचं. गार्साला पहिल्या वेतात यंत्राचा आवाज सोसला नाही, लाथा झाडायची, म्हणून तिची धार इदालिनाच काढत आली, सकाळ-संध्याकाळ, हातानं.

एकच गोष्ट वर्षभर तिला खुपत होती. संध्याकाळच्या धारेला नेहमी अर्धापाऊण लिटर कमी भरायचं. तिनं चारा बदलला, कुरण बदललं, गुरांच्या डॉक्टरला दाखवलं. सेराफिमचं ठाम मत होतं की हे जाहकाचं काम. जाहक, ते काट्यांचं गोळा होऊन बसणारं जनावर, बसलेल्या गाईचं दूध पितं असं जुनी माणसं सांगतात. त्यानं कुरणात दोन पिंजरेही लावले होते. एकात शेजाऱ्याची कोंबडी सापडली.

आज मात्र दूध पुरेपूर होतं. पहाटे दोनला मुद्दाम उठून तिनं धार काढली होती, म्हणजे दुपारी दोनला बरोबर बारा तास होतील. आणखी दोन तास गेले असते तर कास दगड झाली असती आणि गाय मागचे पाय फाकवून बदकासारखी चालली असती. दोन तास आधी आणली असती तर कास सैल दिसली असती. आत्ता ती अशी भरली होती की सड चार बाजूंना चार खुंट्यांसारखे नीट उभे होते.

"तू बघच," ती गार्साच्या कानात म्हणाली. "फक्त नीट चाल. वन्सं काय म्हणतायत तिकडे लक्ष देऊ नकोस. मी देत नाही."

दोन वाजता पाच गाई रिंगणात उतरल्या. वर डोंगरावर ढग बसलेले, खाली समुद्र, आणि मधल्या त्या गवताच्या तुकड्यावर सगळा परगणा उभा. परीक्षक मुख्य भूमीवरून आलेले, इंजिनियर तावोरा. शेतकीची पदवी घेतलेल्या प्रत्येकाला इकडे इंजिनियरच म्हणतात. उंच, काटकुळा माणूस. हात मागे बांधून, गाईंकडे बघत उलटा चालायचा आणि कधीही अडखळायचा नाही.

पांढऱ्या सदऱ्यांतल्या पाच जणांनी, इदालिना आणि झुल्मिरा धरून, आपापल्या गाई गोल फिरवल्या. इंजिनियर साहेबांनी एकीला मागे काढलं, दुसरीला, तिसरीलाही. उरल्या दुकेझा आणि गार्सा.

"शेजारी शेजारी उभ्या करा," ते म्हणाले.

झुल्मिरा आणि इदालिना खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या. दोघींच्याही तोंडावर फोटोतलं हसू.

"हात थरथरतोय तुझा," झुल्मिरा ओठ न हलवता म्हणाली.

"तुमच्या गाईनं माझ्या बुटावर पाय दिलाय," इदालिना तशीच म्हणाली. "तो उचला, मग थरथरणार नाही."

इंजिनियर साहेब दुकेझाच्या मागे वाकले, कास बघितली, मान हलवली. मग गार्साच्या मागे वाकले. बराच वेळ वाकून राहिले. इदालिनानं सासूबाईंकडे नजर टाकली. त्या मांडवाशेजारी खुर्ची मांडून बसल्या होत्या, हातातला दाणा तोंडाशी नेता नेता थांबल्या होत्या.

इतक्यात बँडच्या ओलेगारियो मास्तरांनी त्यांना पाहिलं.

मास्तर भला माणूस. बेलार्मीनु आरुदा, म्हणजे इदालिनाचे सासरे, या बँडमध्ये चाळीस वर्षं मोठं पितळी वाद्य वाजवत होते, आणि ग्रामदैवताच्या मिरवणुकीचं एक चालतं-डोलतं कूच, म्हणजे चालताना वाजवायची धून, त्यांचं भारी आवडतं होतं. त्यांच्या विधवेला समोर बसलेली बघून मास्तरांचं मन भरून आलं. बँडनं बक्षिसांच्या वेळी वाजवायचं ठरलं होतं. पण त्यांनी वाजवणाऱ्यांना खूण केली, टोपी काढून देओलिंदाबाईंना लवून नमस्कार केला आणि काठी उचलली.

तेव्हा इदालिनानं जे पाहिलं त्याचा अर्थ तिला लागेना. सासूबाई खुर्चीतून ताडकन उठल्या. दाणे सांडले. आणि कोंबड्या हाकलाव्या तशी छत्री बँडच्या दिशेनं जोरजोरात हलवायला लागल्या. मास्तरांना वाटलं, बाईंना आनंद झाला. त्यांनी मोठ्या ढोलवाल्याला इशारा केला, आणखी जोरात.

धडाड धुम, धडाड धुम करत बेलार्मीनुंचं कूच मैदानावर पसरलं.

गार्साचे कान पुढे आले. मग तिनं डोळे अर्धे मिटले, रवंथ सुरू केला आणि एक लांब, समाधानाचा उसासा टाकला.

"नको," इदालिना पुटपुटली. "गार्सा, नको हं. गार्सा!"

मागच्या उजव्या सडातून पहिला थेंब इंजिनियर साहेबांच्या बुटावर पडला. मग दुसरा. मग त्याची तार झाली. मग शेजारच्या सडाची. दुसरी ओळ सुरू होईस्तोवर चारही सडांतून चार पांढऱ्या धारा ढोलाच्या ठेक्यावर गवतात पडत होत्या. रिंगणाभोवती आधी एकजण फिसकला, मग दहा, मग सगळा परगणा.

"बघा, बघा साहेब!" झुल्मिरा आनंदानं जवळजवळ नाचली. "गळकी गाय! गळकी गाय आणलीये दाखवायला!"

इंजिनियर साहेबांनी हात वर करून बँड थांबवला. बूट गवतावर पुसला.

"गळकी नाही," ते म्हणाले. "गळक्या गाईचं आपोआप ठिबकतं. हिनं पान्हा सोडलाय. आणि तो सोडते गाय ओळखीच्या माणसाला. बाई, या सुरावर हिची धार कोण काढतं?"

"कोणीच नाही!" इदालिना म्हणाली. "मी तर तोंडातून अक्षर काढत नाही धार काढताना. आणि काढलं तर आमच्या तेर्सेइराचं गाणं म्हणेन, हे कशाला?"

गार्सानं मात्र ठरवलं होतं. दाव्याला हिसका देऊन ती इदालिनाला ओढतच निघाली, सरळ मांडवाकडे. सासूबाईंसमोर गेली, वळली, आपली डावी बाजू त्यांच्याकडे केली आणि मागचा डावा पाय अदबीनं मागे घेऊन उभी राहिली.

इदालिना बघत राहिली. इकडे सगळे गाईच्या उजवीकडे बसून धार काढतात. ती स्वतःही. डावीकडे बसणारं एकच घर तिला माहीत होतं. आरुदांच्या कुठल्याशा पणजोबाचा गुडघा वाकत नव्हता, तेव्हापासून ती रीत पडली होती, आणि यंत्र आल्यावर तीही मोडली. आता त्या रीतीनं बसणारं घरात एकच माणूस उरलं होतं.

"आई," ती म्हणाली.

देओलिंदाबाई छत्रीच्या मुठीकडे बघत होत्या.

"रोज रात्री तुम्ही तांदळाची खीर खाता," इदालिना सावकाश म्हणाली. "दूध कुठलं विचारलं की म्हणता, शेजारच्या ओडेटनं दिलं."

"देते ओडेट."

"ओडेट गेल्या सप्टेंबरपासून लेकाकडे आहे. टोरांटोला."

रिंगणाच्या कठड्यावर रेललेली माणसं आता हसायची थांबून कान देऊन ऐकत होती. सेराफिम बादली घेऊन आला होता, तो तसाच उभा.

"आई," त्यानं विचारलं, "जाहक तू आहेस?"

"तोंड सांभाळ!" देओलिंदाबाई कडाडल्या. मग आवाज खाली आला. "ही व्याली तेव्हा बघायला गेले होते. वांझ राहणार म्हणाले होते ना मी. सगळ्यांदेखत म्हणाले होते. मग म्हटलं, व्याली म्हणतात ती खरंच व्याली, की ही तेर्सेइरावाली कुठून वासरू घेऊन आली? म्हणून गेले दुपारी, कोणी नसताना. तर ती आली जवळ. हात चाटला. बसले जराशी. सवयीनं हात गेला कासेकडे. आणि तोंडात ते यांचं गाणं आलं. एवढंच." त्यांनी नाक ओढलं. "मग रोज आलं."

"वर्षभर?" इदालिनाचा आवाज चिरकला. "मी डॉक्टरला दाखवलं! तीन कुरणं बदलली!"

"हो ना. तिसरं फार लांब होतं. चढ किती तिथं! माझा विचार नाही केलास."

हशा पुन्हा फुटला. पण झुल्मिरा हसत नव्हती. तिला वाट सापडली होती.

"फाउश्तिनो! तो कागद काढ. सही केलीये हिनं, दुसरा हात लागलेला नाही म्हणून. खोटी सही! बाद करा!"

कागदावर इदालिनाची सही होतीच. खरी समजून केलेली, आणि खोटी ठरलेली.

फाउश्तिनो धावत आला, नियमाचं पुस्तक उलटंसुलटं केलं. "हात पगारी नसावा, घरचा असावा, असं आहे. गाय बाद होत नाही. पण नाव..." त्यानं चष्मा सावरला. "दोघींच्या हातची निघाली, तर पाटीवर घरातल्या मोठ्या माणसाचं नाव लावायचं, असं लिहिलंय."

"झालं तर!" झुल्मिरा म्हणाली. "मोठं माणूस आई. पाटी पुसा. देओलिंदा आरुदा लिहा. गाय बाबांची, नाव बाबांचं. मी तेच म्हणत होते सकाळपासून. बोल आई. हो म्हण."

सेराफिम बायकोकडे बघत होता, आईकडे बघत होता, आणि ज्या खुरांच्या बाजूनं तो होता ते खूर काही बोलत नव्हते.

इदालिनाला शाल आठवली, बाटली आठवली, आणि बोललं तर रडू येईल असं वाटलं. एवढ्या माणसांत, वन्संसमोर, ते तिला परवडणार नव्हतं. तिनं गाईचं दावं फक्त घट्ट धरलं.

"बाई," इंजिनियर साहेबांनी देओलिंदाबाईंना विचारलं, "तुमच्या हातची आहे का गाय?"

देओलिंदाबाईंनी छत्री मिटली. सगळ्या मैदानाकडे एकदा बघितलं. त्यात त्यांच्या नात्यातले निम्मे होते, चर्चमधल्या सगळ्या बायका होत्या आणि फादरही होते.

"चोराच्या हाताला हात म्हणतात का?" त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे मी चोरून दूध काढलं. खीर खाल्ली. खोटं बोलले, ओडेटचं नाव घातलं. चोराचं नाव पाटीवर लावायचं असलं तर लावा, पण मग 'वाढवणारी' पुसून 'चोरणारी' लिहा. वाढवली हिनं. मी तर खाटकाला निरोप धाडला होता." त्या झुल्मिराकडे वळल्या. "आणि तू ग, मला हो म्हण म्हणून शिकवू नकोस. तुला बोलायला मी शिकवलंय. तिथंच चूक झाली बहुतेक."

फादरांनी खोकल्याचं निमित्त करून तोंडावर रुमाल धरला. फाउश्तिनोनं पुस्तक मिटलं. "चोराचा नियमात उल्लेख नाही," तो म्हणाला.

"मग पाटी आहे तशी राहील," इंजिनियर साहेब म्हणाले. "आता ऐका. या गाईची कास निम्मी रिकामी झालीये, त्या गाईची भरलेली आहे. असं तोलता येत नाही. दोघींचं दूध इथंच काढा. भरलेली कास कोणाचीही छान दिसते. खरी कास रिकामी झाल्यावर कळते."

झुल्मिराचा चेहरा पडला. "इथं? हातानं?"

"घरच्या हातची ना?"

सेराफिमनं दोन बादल्या आणल्या. इदालिना गार्साच्या उजवीकडे बसली, तर गाईनं पाय उचलला. तिला आज डावीकडचं माणूस हवं होतं. इदालिनानं मान वर केली. सासूबाई आधीच खुर्ची ओढत पलीकडे येत होत्या.

"पुढचे दोन तू घे," त्या म्हणाल्या. "मागचे माझे. आणि लांब नखं लावू नकोस तिला."

"मला नखंच नाहीत आई. तुमच्या घरात वाढू कधी दिली?"

"तोंड बंद, हात चालू."

एक या बाजूनं, एक त्या बाजूनं, गाईच्या पोटाखाली दोघींची डोकी जवळ आली. देओलिंदाबाई दबक्या आवाजात ते कूच गुणगुणू लागल्या. बादलीत धारा वाजल्या, फेस वर आला.

पलीकडे वेगळंच चाललं होतं. झुल्मिराला हातानं धार काढून दहा वर्षं झाली असावीत. दुकेझाला तर हाताची ओळखच नव्हती. ती मान वळवून बघत होती, ही बाई तिथं काय शोधतेय म्हणून. पहिली धार झुल्मिराच्या बाहीत गेली. दुसरी सेराफिमच्या विजारीवर. बहिणीनं हाक मारली म्हणून तो शेपटी धरायला गेला होता. इदालिनानं ते पाहिलं आणि रात्री बोलायच्या गोष्टींत टाकून ठेवलं.

"दाब! ओढू नकोस, दाब!" कठड्यावरून कोणीतरी ओरडलं.

"तूच ये दाबायला!" झुल्मिरा ओरडली, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच लोक तिच्या बाजूनं हसले.

शेवटी दोन्ही झाल्या. इंजिनियर साहेब पुन्हा वाकले. गार्साची कास धुतलेल्या रुमालासारखी घड्या पडून, मऊ, रिकामी लोंबत होती. दुकेझाची तशीच फुगलेली राहिली. आत दूध थोडं आणि मांस जास्त. त्यांनी दोन्हींना हात लावून पाहिला, वहीत काहीतरी लिहिलं आणि ती फाउश्तिनोकडे दिली.

गटातला पहिला नंबर दुकेझाला मिळाला, पाठीसाठी आणि पायांसाठी. झुल्मिरानं एकदम डोळे पुसले आणि दूध लागलेल्या बाहीनं गाईला मिठी मारली. ते मात्र खोटं नव्हतं. इदालिनानं टाळ्या वाजवल्या. पाठ चांगलीच होती, नाही कशाला म्हणायचं.

"आणि कासेचा मान," फाउश्तिनो माइकमध्ये म्हणाला, "गार्सा! वाढवणारी, इदालिना आरुदा!"

सवय. त्याला काय दोष द्यायचा. परगण्यात बावीस वर्षं ती इदालिना आरुदाच होती, दुकानात, दवाखान्यात, चर्चच्या यादीत. माणसं टाळ्या वाजवायला लागलीसुद्धा. ती पुढे झाली. वहीत बरोबर लिहिलं जाईल, असं तिनं स्वतःला सांगितलं. बोलताना काय, चुकतं.

"चुकलं," कोणीतरी म्हणालं.

देओलिंदाबाई टेबलापाशी पोचल्या होत्या. छत्रीचं टोक त्यांनी फाउश्तिनोच्या कागदावर टेकवलं. माइक चालू होता.

"काय चुकलं बाई?"

"नाव. परत वाच."

"अहो, घरात तर आरुदाच ना ती?"

"घरात मी तिला काय म्हणते ते माझं मी बघीन. इथं लिहिलंय ते वाच. मला वाचायला वेळ लागतो, पण मी वाचलंय. तुला तर सरकार वाचायचा पगार देतं."

फाउश्तिनोनं चष्मा नीट केला. "इदालिना... तोस्ते."

"तोश्त!" चार कर्ण्यांतून सासूबाईंचा आवाज एकदम फुटला, चर्चच्या भिंतीवर आपटला आणि परत आला. "तोश्त म्हण! इदालिना तोश्त! मुलीच्या माहेरचं नाव आहे, तोंडात नीट धर!"

फाउश्तिनोनं पुन्हा वाचलं, यावेळी अगदी नीट. पट्टा सेराफिमच्या हातात दिला गेला, कारण इदालिनाचं तोंड गार्साच्या मानेत खुपसलेलं होतं आणि तिचे खांदे हलत होते. ती हसतेय की रडतेय हे लांबून कोणाला कळेना. तिला स्वतःलाही नीटसं कळत नव्हतं.

सासूबाई परत आल्या. छत्रीच्या टोकानं तिच्या पोटरीला टोचलं.

"पुरे," त्या म्हणाल्या. "सूर्य कलला. चल ग तोश्तबाई, घरी अठरा जणी तटतटून उभ्या असतील."